जखमी पानाचा सुगंध

तैवानमध्ये चहाची परीक्षा घेतली जाते. परीक्षेची पद्धत अगदी ठरलेली आहे. झाकण असलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या पेल्यात मोजून ३ ग्रॅम चहा घालायचा, त्यावर १५० मिलिलिटर उकळते पाणी ओतायचे आणि घड्याळ लावून पाच-सहा मिनिटांनी तो दुसऱ्या पेल्यात गाळून घ्यायचा. दूध नाही, साखर नाही. परीक्षक आधी वास घेतात. मग चमच्यातला चहा तोंडात जोराने ओढतात. बशीतून चहा पिताना आपल्याकडे होतो तसाच आवाज होतो आणि त्याला तिथे कोणी नावे ठेवीत नाही, कारण त्यामुळे चहाचे बारीक तुषार होऊन वास घशाच्या मागच्या बाजूने नाकापर्यंत पोचतो. शेवटी भिजलेली पाने उलगडून पाहतात. नानतोऊ जिल्ह्यातील लुगू या गावी १९७० च्या दशकापासून अशा स्पर्धा भरत आल्या आहेत. पहिल्या आलेल्या चहाचा भाव कित्येक पटींनी चढतो, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न त्या एका पेल्यात असतो.

त्या पेल्यात असते तरी काय? वजनाने पाहिले तर ९९ टक्क्यांहून अधिक नुसते पाणी. उरलेल्यात तुरट पॉलिफेनॉले, कडू कॅफीन, गोडसर अमिनो आम्ले, थोडी शर्करा आणि क्षार. ज्या सुगंधासाठी हा सगळा खटाटोप, ती सुगंधी द्रव्ये तर कोरड्या पानाच्या वजनाच्या शतांश टक्क्याच्या आसपास असतात. तरीही पेला नाकाशी नेला की मोगऱ्याची, कधी जुईची, कधी लोण्याची आठवण व्हावी असा वास येतो. या चहात फुले घातलेली नसतात. मग पानाला फुलाचा वास आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे आणि ते कसे बदलले हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

आपण ज्या चहाबद्दल बोलत आहोत त्याला तैवानमध्ये 'गाओशान चा' म्हणजे उंच डोंगरावरचा चहा म्हणतात. समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरच्या मळ्यांतील उलाँग चहाला हे नाव लावण्याची रीत आहे. अलिशान, शानलिनशी आणि लिशान ही त्यांतली प्रसिद्ध नावे. लिशानचे मळे तर २००० मीटरच्याही वर जातात. उलाँग या शब्दाचा अर्थ 'काळा ड्रॅगन'. चहाची रोपे आणि तो करण्याची विद्या मूळची चीनच्या फूजियान प्रांतातली, समुद्र ओलांडून आलेली. जॉन डॉड नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने १८६९ मध्ये 'फॉर्मोसा उलाँग' या नावाने तो न्यूयॉर्कला पाठवला आणि तैवानच्या चहाला जगाची बाजारपेठ मिळाली. ते मळे मात्र उत्तरेकडच्या टेकड्यांवरचे होते. उंच डोंगरांवरची लागवड ही अलीकडची, १९७० नंतरची गोष्ट आहे. निर्यात उतरणीला लागली, देशातल्याच लोकांच्या हातात पैसा आला आणि चांगल्या चहासाठी जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक घरातच तयार झाला, तेव्हा मळे डोंगर चढू लागले.

आंबवणे की गंजणे?

चहाचे झुडूप एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. हिरवा, उलाँग आणि आपला नेहमीचा काळा चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होऊ शकतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचे काय करतात यामुळे.

कापलेले वांगे किंवा बटाटा काळा का पडतो, हे आपण मुलांना शिकवतोच. पेशीमध्ये पॉलिफेनॉले एका कप्प्यात, म्हणजे रिक्तिकेत असतात आणि त्यांच्यावर क्रिया करणारे एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातले विकर, दुसऱ्या कप्प्यात असते. सुरीने पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि तपकिरी रंगाची मोठ्या रेणूंची द्रव्ये तयार होतात. चहाच्या पानातही हेच विकर असते, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. त्याचे भक्ष्य म्हणजे कॅटेचिने. चहाच्या धंद्यात या क्रियेला 'आंबवणे' म्हणतात, पण हा शब्द फसवा आहे. इडलीच्या पिठात जसे सूक्ष्मजीव काम करतात तसे येथे कोणी करीत नाही. ही पानाच्या स्वतःच्या विकराने घडवलेली ऑक्सिडीकरणाची क्रिया आहे. आंबण्यापेक्षा ती गंजण्याच्या जवळची म्हटली तरी चालेल.

आपण घरी दूध घालून उकळतो तो चहा बहुतेक वेळा सीटीसी पद्धतीचा असतो. आसाममधल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी १९३० मध्ये ही पद्धत काढली. दात असलेल्या दोन रुळांमधून पान चिरडले जाते, फाटते आणि त्याचे दाणे होतात. बहुतेक सर्व पेशी एका झटक्यात फुटतात, ऑक्सिडीकरण तासा-दीड तासात पुरे होते आणि दोन मिनिटे उकळले की दाट रंग उतरतो. दुधासाठी हे फार सोयीचे आहे. दुधातले केसीन हे प्रथिन तुरट पॉलिफेनॉलांना धरून ठेवते, त्यामुळे कडक चहाही जिभेला बोचत नाही. या चहाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. त्याचे काम वेगळे आहे, एवढेच.

हिरव्या चहात नेमके उलट करतात. पान खुडल्यावर लवकरच त्याला वाफ किंवा गरम कढईचा चटका देतात. उष्णतेने विकर निकामी होते आणि पान हिरवेच राहते.

उलाँग या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. 'अर्धवट ऑक्सिडीकरण झालेला चहा' ही त्याची नेहमीची व्याख्या. उंच डोंगरावरच्या उलाँगमध्ये तर हे ऑक्सिडीकरण बरेच कमी, हिरव्या चहाच्या बाजूला झुकणारे असते. व्याख्या चुकीची नाही, पण ती वाचून उलाँग कळत नाही. हिरवा आणि काळा चहा निम्मा-निम्मा मिसळला म्हणून त्याला मोगऱ्याचा वास येणार नाही.

एक रात्र जागरणाची

उलाँगसाठी पान कोवळे चालत नाही. दार्जिलिंगला दोन पाने आणि एक कळी खुडतात. येथे शेंड्याची वाढ थांबून वरचे पान पुरते उलगडेपर्यंत थांबतात आणि मग देठासकट तीन-चार पाने खुडतात. आसामचे मळेवाले अशा वाढ थांबलेल्या शेंड्याला 'बांझी' म्हणतात आणि त्यावर नाराज असतात. तैवानमध्ये खुडणीची खूण तीच. पुढे रात्रभर जे सोसायचे आहे ते कोवळ्या पानाला झेपणारे नसते.

खुडलेली पाने आधी उन्हात पातळ पसरतात. थोडे पाणी उडून जाते, पान मऊ पडते. मग ती घरात आणून बांबूच्या मोठ्या गोल ताटांत ठेवतात आणि खरे काम सुरू होते. दर तास-दोन तासांनी पाने हलक्या हाताने वरखाली करतात, आपण सुपात धान्य पाखडतो त्या चालीने. पाने एकमेकांवर आणि ताटाच्या कडांवर आपटतात. पानाचा मधला भाग शाबूत राहतो, पण कडेच्या पेशी थोड्या थोड्या फुटतात. मग पाने पुन्हा शांत ठेवतात. या विश्रांतीत देठातले पाणी पानात चढते आणि मलूल पान परत ताठ होते. पुन्हा पाखडणे, पुन्हा विश्रांती. सुरुवातीला हात अगदी हलका, नंतर जोर वाढत जातो. शेवटची फेरी बांबूच्या फिरत्या पिंपात करतात. सकाळी खुडलेल्या पानाची ही वाटचाल मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. चहा करणारा माणूस वारंवार पानांत नाक खुपसतो. आधी कापलेल्या गवताचा वास असतो, मग तो मावळतो आणि फुलांचा वास वर येतो. तो पुरेसा आला असे वाटले की पाने तापलेल्या पिंपात टाकून विकरे निकामी करतात. उन्हाचा कमी-अधिकपणा, हवेतला ओलावा, रात्रीची थंडी यांवर ही वेळ दररोज बदलते. ती घड्याळावर ठरत नाही आणि चुकली तर सबंध दिवसाची खुडणी वाया जाते.

पुढची पायरी अंगमेहनतीची. पाने कापडात घट्ट आवळून चेंडूसारखे गाठोडे करतात, यंत्रावर ते फिरवून दाबतात, सोडतात, पाने मोकळी करून गरम करतात आणि पुन्हा बांधतात. असे कित्येक वेळा केल्यावर पानांच्या घट्ट गोळ्या होतात. शेवटी त्या वाळवतात. ताज्या पानात शेकडा पंचाहत्तरच्या आसपास पाणी असते. तयार चहात ते शेकडा पाचपेक्षाही कमी उरते.

सुगंधाचा उलगडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९० च्या दशकात जपानमधील शिझुओका विद्यापीठाच्या संशोधकांनी चहाच्या पानातले एक महत्त्वाचे विकर शोधून काढले. चहाच्या पानात लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखे सुगंधी रेणू शर्करेला बांधलेल्या स्वरूपात साठवलेले असतात. लिनॅलूल म्हणजे आपल्या धण्याच्या वासातला मुख्य घटक आणि जिरॅनिऑल म्हणजे गुलाबाच्या व खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलातला. शर्करेला बांधलेले असेपर्यंत हे रेणू उडून जात नाहीत, म्हणून पानाला वास येत नाही. ते विकर शर्करेची गाठ सोडते आणि सुगंध मोकळा होतो. खुलासा सुबक होता. काळ्या चहाला तो चांगला लागू पडतो, कारण तिथे पेशी चिरडल्या जातात आणि विकर व साठा यांची भेट होते. उलाँगचेही असेच असणार, असे बरीच वर्षे मानले गेले.

पण जरा विचार करा. उलाँगमध्ये पानाच्या मधल्या पेशी तर फुटतच नाहीत. ते विकर असते पेशीभित्तिकेत आणि बांधलेले सुगंधी रेणू असतात रिक्तिकेत. भिंत शाबूत असताना दोघे भेटणार कसे? चीनमध्ये ग्वांगझोऊ येथील दक्षिण चीन वनस्पतिउद्यानातल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास हे मोजून पाहिले. जुना खुलासा खरा असेल तर रात्रभराच्या पाखडण्यानंतर बांधलेल्या रेणूंचा साठा घटायला हवा. तो तसा घटलेला आढळला नाही. उलट दुसरे दोन रेणू भराभर वाढताना दिसले, नेरोलिडॉल आणि इंडोल. हे दोन्ही साठ्यातून मोकळे झालेले नव्हते. पान ते नव्याने बनवीत होते. त्यासाठी लागणारी जनुके पाखडण्याच्या प्रत्येक फेरीबरोबर अधिक जोमाने काम करू लागत होती.

याचा अर्थ असा की खुडलेले पान मेलेले नसते. शिक्षकांना यात नवल वाटू नये. मोगऱ्याच्या कळ्या दिवसा तोडतात, गजऱ्यात ओवतात आणि त्या संध्याकाळी उमलून वास सोडतात. तोडल्यानंतरही त्या पेशी जिवंत असतात आणि आपले काम करीत असतात. चहाचे पानही रात्रभर जिवंत असते आणि त्याच्या दृष्टीने कोणीतरी सतत त्याचे लचके तोडीत असते. वनस्पतीला पळता येत नाही, तेव्हा ती रसायनांनी उत्तर देते. मक्याचे पान अळी खाऊ लागली की मका इंडोल आणि इतर वायुरूप द्रव्ये हवेत सोडतो व त्या वासाने अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या येतात, हे १९९० मध्ये सिद्ध झाले आहे. चहाचे पानही तेच करते. मोगऱ्याच्या आणि जुईच्या वासात हेच इंडोल थोड्या प्रमाणात असते. हे इंडोल मोठे विचित्र आहे. अगदी विरळ असले तर फुलासारखे आणि दाट झाले तर विष्ठेसारखे घाण वास मारते. आम्ही प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडतो तेव्हा आजूबाजूचे लोक खिडक्या उघडतात.

हिरव्या चहाला असा वास का येत नाही, तेही यातून कळते. तिथे पानाला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही.

थोडे विषयांतर करतो. कापसाच्या शेतकऱ्याला छळणाऱ्या हिरव्या तुडतुड्यांचे भाऊबंद चहावरही पडतात. तैवानच्या शिनचू व म्याओली भागात, कमी उंचीवर, तुडतुड्यांनी रस शोषलेल्या पानांपासून मुद्दाम एक उलाँग करतात आणि त्याला मधाचा वास येतो. तेथे पानाला जखमी करण्याचे अर्धे काम मळ्यातच किडे करून ठेवतात. साहजिकच त्या मळ्यांत उन्हाळ्यात कीटकनाशक मारून चालत नाही.

उंचीचा आकडा

मग उंचीचे काय? दुकानात डब्यावर मीटरचा आकडा ठळक छापलेला असतो आणि आकड्याबरोबर किंमत चढते. उंचीमुळे चव येते, हे विधान तपासून पाहू.

कर्कवृत्त अलिशानजवळूनच जाते. म्हणजे हा प्रदेश उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावर आहे. भूगोलात आपण शिकवतो की एक किलोमीटर वर गेले की तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते. १५०० मीटरवरचा मळा पायथ्यापेक्षा सुमारे १० अंशांनी थंड असणार. थंडीत वाढ मंदावते. खालच्या मळ्यांत वर्षातून पाच-सहा वेळा खुडणी होते, तर लिशानला दोन-तीन वेळाच.

दुसरी गोष्ट धुक्याची. चहाच्या झुडपाच्या मुळांत थिॲनीन नावाचे अमिनो आम्ल तयार होते. जपानी संशोधकांनी ते १९५० च्या सुमारास हिरव्या चहातून वेगळे केले. चहाची जी गोडसर, रसरशीत चव जिभेवर रेंगाळते तिचा बराचसा भाग थिॲनीनचा. मुळांतून ते पानांत चढते. पानावर कडक ऊन पडले की त्याचे तुकडे होतात आणि त्यातला कार्बन तुरट कॅटेचिने बनवण्याकडे वळतो. किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढून हे १९६० च्या दशकात दाखवले गेले. म्हणजे ऊन जास्त तर तुरटपणा जास्त आणि ऊन कमी तर गोडवा जास्त. जपानमध्ये काही उंची चहांसाठी खुडणीआधी दोन-तीन आठवडे मळ्यावर मांडव घालून सावली करतात ती याचसाठी. अलिशानला सकाळी ऊन असते आणि दुपारनंतर दरीतून धुके वर येते. तो मांडव निसर्ग घालतो.

येथपर्यंत सगळे उंचीच्या बाजूने झाले. पण उंचीबरोबर अतिनील किरणेही वाढतात आणि ती पानाला जास्त कॅटेचिने बनवायला भाग पाडतात. म्हणजे हा परिणाम उलट दिशेचा. धुके नसलेला उंच मळा आणि धुक्यातला जरा खालचा मळा यांत दुसरा सरस ठरू शकतो. शिवाय जात कोणती, हाही प्रश्न असतोच. उंच मळ्यांत मुख्यतः छिंगशिन ही जुनी, नाजूक जात लावतात. १९८१ मध्ये तेथील चहा संशोधन केंद्राने प्रसारित केलेली जिनशुआन ही संकरित जात कणखर आहे आणि तिच्या चहाला मुळातच दुधाळ, लोण्यासारखा वास असतो. बाजारात 'दुधाचा उलाँग' म्हणून मिळणारा स्वस्त माल मात्र बऱ्याचदा बाहेरून सुगंध मारलेला असतो. आणि रात्रीच्या पाखडण्यात हात चुकला तर २००० मीटरवरचे पानही गवतासारखेच लागेल.

आमच्या मते उंची ही स्वतः कारण नाही. थंडी, धुके आणि सावकाश वाढ या कारणांची ती एक सोयीस्कर खूण आहे. खूण आणि कारण यांत गल्लत केली की फसवणुकीला वाट मिळते. तैवानच्याच जाती आणि तैवानचीच यंत्रे घेऊन व्हिएतनाममध्ये उलाँग पिकवला जातो आणि त्यातला काही तैवानचा म्हणून विकला गेल्याची प्रकरणे घडली आहेत. नुसत्या जिभेने असा चहा ओळखणे अवघड. म्हणून आता पानातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून ते पान कोणत्या मातीत वाढले हे ठरवण्याच्या पद्धती वापरल्या जातात.

आकड्यामागे धावण्याची दुसरी किंमत डोंगराने मोजली आहे. १९६० मध्ये तैवानचा मध्य पर्वतरांग ओलांडणारा महामार्ग पुरा झाला. तो बांधणाऱ्या निवृत्त सैनिकांपैकी अनेकांना लिशानच्या परिसरात वसवले. त्यांनी आधी नासपती आणि सफरचंदे लावली. पुढे चहाला भाव आला तशी चहाची झुडपे लागली, आणखी वर, आणखी तीव्र उतारावर. जंगलातल्या झाडांची खोल मुळे जशी माती धरून ठेवतात तशी चहाच्या कंबरेइतक्या झुडपांची धरू शकत नाहीत. सप्टेंबर १९९९ च्या भूकंपाने नानतोऊ जिल्ह्यातले डोंगर खिळखिळे केले. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळात अलिशानला चार-पाच दिवसांत अडीच मीटरहून अधिक पाऊस पडला. पुण्यात तीन वर्षांत पडतो त्याहून हा पाऊस जास्त. दरडींनी गावेच्या गावे तुटली. सर्वांत उंच आणि सर्वांत महाग चहा जेथे होई त्या दायूलिंगमधले सरकारी जमिनीवरचे बरेचसे मळे २०१५ च्या सुमारास काढून टाकण्यात आले आणि ती जमीन पुन्हा जंगलाकडे वळवली गेली. चहाच्या शौकिनांनी हळहळ व्यक्त केली. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो.

पाणी, वेळ आणि किटली

एवढ्या सायासाने आलेला चहा बिघडवणे मात्र फार सोपे आहे. पहिला वाद पाण्याच्या तापमानाचा. कोणी म्हणतो उकळते पाणी, कोणी म्हणतो नव्वद अंश. येथे मुलांना थोडे गणित घालता येईल. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवला आणि लिशानच्या शेतकऱ्याच्या घरी ९३ ला. तो बिचारा ज्याला 'उकळते' म्हणतो त्याला मुंबईचा माणूस 'नव्वदीतले' म्हणेल.

दुसरे गणित उष्णतेच्या देवाणघेवाणीचे. १५० ग्रॅम वजनाची चिनी मातीची किटली २५ अंशांवर आहे. तिच्यात ९८ अंशांचे १५० ग्रॅम पाणी ओतले. चिनी मातीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश धरा. पाण्याने गमावलेली उष्णता बरोबर किटलीने कमावलेली उष्णता, हे समीकरण मांडले की उत्तर येते जवळजवळ ८६ अंश. म्हणजे किटलीला हात लागताच पाणी १२ अंशांनी उतरले. चहा करण्याआधी गरम पाण्याने किटली विसळून घेण्याची जी चिनी रीत आहे ती नुसता उपचार नाही. आपल्या स्टीलच्या पातेल्यात हा प्रश्न येत नाही, कारण ते चुलीवरच असते.

आता वेळेचे पाहू. पानातली सगळी द्रव्ये सारख्या वेगाने उतरत नाहीत. थिॲनीन आणि इतर अमिनो आम्ले चटकन, थंड पाण्यातही उतरतात. कॅफीन गरम पाण्यात लवकर उतरते. मोठ्या रेणूंची तुरट कॅटेचिने मागून येतात आणि त्यांना उष्णता हवी असते. म्हणून गरम पाण्यात फार वेळ ठेवलेला चहा कडवट-तुरट होतो आणि थंड पाण्यात रात्रभर ठेवलेला उलाँग गोड लागतो. मात्र थंड चहात सुगंध दबलेला राहतो. इंडोल, नेरोलिडॉल यांचे उत्कलनबिंदू २५० अंशांच्या वर आहेत. ते पेल्यातून उडून नाकापर्यंत यायचे तर पाणी चांगले गरमच हवे. सुगंधाला उष्णता लागते आणि तुरटपणालाही उष्णताच लागते. या पेचातून तैवानी माणसाने काढलेली वाट म्हणजे पाणी कडक, पण वेळ थोडा.

१२० ते १५० मिलिलिटरच्या छोट्या किटलीत ६-७ ग्रॅम गोळ्या घालतात. आपल्या मानाने हे प्रमाण भरमसाट आहे. पहिले पाणी साधारण पाऊण ते एक मिनिट ठेवतात, कारण घट्ट गोळी भिजून सैल व्हायला वेळ लागतो. विसरणाचा नियम येथे आड येतो. रेणूला कापायचे अंतर दुप्पट झाले तर वेळ साधारण चौपट लागतो. पाच-सहा मिलिमीटरच्या गोळीच्या गाभ्यापर्यंत पाणी जाणे हे मंद काम. एकदा पान उलगडले की त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. म्हणून दुसरे पाणी पहिल्यापेक्षा कमी वेळ ठेवले तरी चहा दाट उतरतो. नंतर मात्र प्रत्येक वेळी थोडा थोडा वेळ वाढवत जातात. अशी पाच-सहा पाणी होतात आणि प्रत्येकाची चव वेगळी. पहिल्यात सुगंध, दुसऱ्या-तिसऱ्यात अंग, पुढे नुसता गोडवा. एकाच चहाचे पाच पेले प्याल्याचा हा प्रकार आम्हाला फार आवडतो, पण घाईत असणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. घाईच्या वेळी पेल्यात थोड्या गोळ्या टाकून गरम पाणी ओतले तरी चालते. पान कमी असले म्हणजे वेळेचा फारसा जाच राहत नाही.

पाण्याबद्दल एकच सांगतो. बोअरचे पाणी जड असेल तर चहावर तेलकट दिसणारी साय धरते. ती तेलाची नसते. कॅल्शियम कार्बोनेट आणि हवेने ऑक्सिडीकरण झालेली चहातली द्रव्ये यांचा तो पापुद्रा असतो, असे लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो व त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये दाखवले. अशा पाण्यात उलाँगचा सुगंधही मंदावतो. पावसाचे स्वच्छ धरलेले पाणी वापरून पाहावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

उलाँग महाग आहे आणि तालुक्याच्या गावी मिळणार नाही. त्याची गरजही नाही. बटाट्याच्या दोन पातळ चकत्या घ्या. एक तशीच ठेवा. दुसरी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून बाहेर काढा. तासाभरात पहिली काळवंडेल, दुसरी पांढरी राहील. हिरवा चहा हिरवा का राहतो, ते मुलांना दिसेल. तिसरी चकती नखाने फक्त कडेला दाबून ठेवली तर तिथे लवकर डाग उमटतो. हे झाले उलाँगचे ढोबळ चित्र. जिवंत पानाचे प्रत्युत्तर मात्र त्यात दिसत नाही, हेही मुलांना सांगावे.

दुसरा प्रयोग हिरव्या चहाचा. दोन पेल्यांत सारखाच चहा आणि सारखेच पाणी घ्या, एकात थंड, दुसऱ्यात उकळते. दहा मिनिटांनी दोन्ही गाळून त्यांची चव पाहा आणि काय वाटले ते वहीत लिहा. चव घेऊन झाल्यावर, आणि त्यानंतरच, प्रत्येकी थोडा चहा परीक्षानळीत घेऊन त्यात हिराकसाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पॉलिफेनॉले आणि लोह मिळून निळसर काळा रंग येतो. जुन्या काळी शाई याच क्रियेने करीत. गरम पाण्याच्या नळीतला रंग जास्त गडद होईल. तुरटपणा जिभेने ओळखला आणि डोळ्यांनी ताडून पाहिला, असे दोन्ही होते. हिराकस घातलेला चहा कोणी पिणार नाही याची काळजी घ्या.

आणि कोणाच्या ओळखीने खरा उलाँग मिळालाच, तर पिऊन झाल्यावर गाळ फेकू नका. एखादे अखंड पान बशीत पाण्यावर तरंगत ठेवा आणि भिंगातून पाहा. देठासकट तीन-चार पाने जोडलेली दिसतील. मधला भाग हिरवा असेल आणि दातेरी कडेवर कोठे कोठे तांबूस ठिपके असतील. बांबूच्या ताटावर पान आपटले ते तिथेच.